मुंगी न लागलेला लाडू

“…मग तुमच्याच लाडवांना मुंग्या का लागत नाहीत?”

अभिनंदन मगदूम सकाळपासून हा प्रश्न चौथ्यांदा विचारत होता. पहिल्या तीन वेळा आवाज गोड होता. चौथ्या वेळी त्यातली गोडी जरा उतरली होती.

हौसाक्का गोणपाट झटकत राहिल्या.

हे लाडू खायचे नव्हेत, हे आधीच सांगून टाकलेलं बरं. पोलादाच्या कारखान्यात लालबुंद सळई रोलमधून दाबली जाते, वरून पाण्याची धार पडते आणि सळईच्या अंगावरून काळे पापुद्रे झडतात. जखम भरल्यावर पडते तशी ही खपली, म्हणून कामगार तिला खपलीच म्हणत. तिच्यात लोखंड भरपूर असतं. पण सुटी भट्टीत टाकली तर अर्धी धुराबरोबर उडून जाते आणि उरलेली कडेला चिकटून बसते. म्हणून तिच्यात कोळशाची भुकटी, चुना आणि साखर कारखान्यातली गोड, चिकट मळी घालून ती मळायची, दाबून मुठीएवढे गोळे करायचे, उन्हात वाळवायचे आणि मग भट्टीला द्यायचे. त्या गोळ्यांना बायकांनी लाडू हे नाव कधी दिलं, ते कुणाला आठवत नव्हतं.

कारखान्याच्या मागच्या शेडमध्ये हे काम नऊ बायका करत. हौसाक्का त्यांच्या उस्ताद. वय पासष्टच्या पुढे, दात शाबूत, आणि हसायला कारण लागत नसे. आधी वीस वर्षं साखर कारखान्यात मळीच्या टाक्यांपाशी काढली, मग लोखंडाकडे आल्या. दोन्हीकडचं टाकाऊच आपल्या वाट्याला आलं, असं त्या मोठ्या अभिमानानं सांगत.

अडचण अशी झाली, की नवे रोल बसले आणि खपली शेडच्या ताकदीबाहेर पडू लागली. मागे ढीग उभा राहिला. तो संपवायला कारखान्याच्या साहेबांनी अभिनंदनला आणलं. वय एकोणतीस, नावापुढे दोन पदव्या, बोलणं लोण्यासारखं. आल्या दिवशीच त्यानं ढिगाकडे बोट करून सांगितलं होतं, “सहा महिन्यांत हा कचरा संपवतो.”

त्यानं मिक्सर आणला, दाबायचं यंत्र आणलं, भराभर लाडू पाडले. भट्टीत ते पडताक्षणी फुटले. काळा लोट असा उठला, की आप्पासो मिस्त्रींची मिशी दोन दिवस काळी राहिली. एरवी ती पांढरी होती.

आप्पासो भट्टीचे राजे. त्यांनी निकाल दिला, “अजून एक भट्टी देतो. शनिवारच्या पुढचा शनिवार. त्यातबी फुटलं तर परत दारात यायचं न्हाई.”

साहेबांनी त्यात आपली भर घातली. या वेळी फुटले तर शेड बंद, आणि खपली ट्रकनं जुन्या दगडखाणीत ओतायची.

म्हणजे बारा दिवस उरले होते. आणि आज सोमवारी सकाळी अभिनंदननं आपल्या नव्या लाडवांवरचं प्लास्टिक उचललं, तर खाली मुंग्यांची जत्रा.

शेजारीच अक्कांचे लाडू पसरलेले. तीच खपली, तीच मळी, तेच ऊन. त्यांच्यावर एक मुंगी नाही.

“अक्का, तुम्ही काहीतरी शिंपडता. खरं सांगा.”

“शिंपडत न्हाई.”

“मग?”

“मुंगी कशाला येती?”

“गोडाला.”

“हां.” अक्कांनी गोणपाट घडी करून ठेवलं आणि चहाला गेल्या.

अभिनंदननं यातून त्याला सोयीचं तेवढं घेतलं. दुकानातून मुंग्यांचा खडू आणला आणि आपल्या लाडवांभोवती रेघ मारली. एक पुरेना म्हणून दुसरी मारली. गुडघ्यांवर बसून, जीभ दातांत धरून तो रेघ ओढत होता, तेव्हा मालन घमेलं घेऊन शेजारून गेली.

“साहेब, रांगोळी चांगली हाय. दोन फुलं काढा की मधी.”

“मावशी, प्लीज, पाय जरा जपून हं.”

मालन त्याच्यापेक्षा तीन वर्षांनी लहान होती. पण शेडमधल्या नऊच्या नऊ बायका त्याच्या लेखी मावशी होत्या. मावशी, जरा ते द्या. मावशी, थँक्यू हं. बोलण्यात खोट काढायला जागा नव्हती. बायका त्याचं काम सांगितल्याबरहुकूम करत आणि पाठ फिरली की त्याची नक्कल करत.

संध्याकाळपर्यंत मुंग्यांनी खडूला वळसा घालून वरून, पत्र्याच्या खांबावरनं वाट काढली.

अभिनंदनला रात्री झोप लागली नाही. सकाळी मात्र तो उजळ चेहऱ्यानं आला. उत्तर सापडलं होतं. मुंगी गोडाला येते, तर गोड कमी करायचं. मळी निम्मी केली, लाडू पाडले, वाळवले. गुरुवारी एकही मुंगी फिरकली नाही.

त्यानं दोन लाडू हातात घेतले आणि अक्कांपुढे धरले. चेहऱ्यावर जिंकल्याचं हसू होतं.

अक्कांनी एक लाडू घेतला. उलटसुलट पाहिला. खांद्याच्या उंचीवर हात नेला आणि बोटं उघडली.

फरशीवर काळी भुकटी पसरली.



अक्कांनी पायानं भुकटी एका बाजूला सारली. “मुंग्या गेल्या,” त्या म्हणाल्या. “लाडूबी गेला.”

मालनला हसू आवरेना, ती पाण्याच्या नळाकडे पळाली. अभिनंदनच्या हातात दुसरा लाडू तसाच राहिला होता. तो टाकावा की ठेवावा हे त्याला कळत नव्हतं. त्याच्या डोळ्यांपुढे जुनी दगडखाण आली, पहिला ट्रक आला, आणि आपल्या नावानं हसणारे सगळे आले.

“अक्का, तुम्ही मळी किती घालता? नेमकी किती?”

“माप बघ की. बादली तिथं हाय.”

त्यानं बादली मोजली, खपलीचं घमेलं मोजलं, वहीत आकडे मांडले. पुन्हा मोजली. मग तो उठून अक्कांजवळ आला. आवाज अगदी खाली गेला होता.

“तुमच्यात माझ्यापेक्षा जास्त मळी आहे. माझ्या पहिल्या लाडवांपेक्षाही जास्त.”

“असंल.”

“जास्त गोड, आणि तरी मुंगी नाही?”

अक्कांनी आपला एक लाडू घेतला आणि दुसऱ्या लाडवावर आपटला. तो सहजासहजी फुटेना. तिसऱ्या ठोक्याला त्याचे दोन तुकडे झाले. एक तुकडा त्यांनी अभिनंदनपुढे धरला.

“चाट.”

“काय?”

“जीभ लाव.”

दोन पदव्यांचा माणूस लोखंडाच्या तुकड्याला जीभ लावतो आहे, हे पाहायला शेडमधलं सगळं काम थांबलं. त्यानं जिभेचं टोक टेकवलं. तुरट लागलं, चुन्याच्या निवळीसारखं. गोडाचा मागमूस नव्हता.

“आता तुझा. सोमवारचा.”

सोमवारच्या लाडवावरून त्यानं मुंग्या फुंकून उडवल्या आणि जीभ लावली. एका जागी काहीच चव नव्हती. बोटभर सरकून पुन्हा लावली, तर तिथं निव्वळ मळी. गोड, चिकट, जशी पिंपातून निघाली तशी.

जरिनानं पाण्याचा तांब्या आणून दिला. त्यानं चूळ भरली आणि तो अक्कांकडे वळला.

“अक्का… यात मळी जास्त आहे. मग गोडी गेली कुठे?”

“कामाला.”

एवढं बोलून अक्का ऊन बघायला बाहेर गेल्या.

अभिनंदन तिथंच पोत्यावर बसला. चुना आणि मळी एकत्र मुरली की मळीतली साखर चुन्याशी जखडून दगडासारखी घट्ट होते, हे त्यानं कधीकाळी पाठ केलं होतं, परीक्षेत लिहिलंही होतं. जिभेवर ते आज पहिल्यांदा आलं. आपल्या मिक्सरनं दहा मिनिटांत मळी नुसती इकडून तिकडे फिरवली, ती कुठेच शिरली नाही, हे त्याला आता स्वच्छ दिसलं. नको ते दिसलं की माणूस चिडतो. त्याला मात्र, का कोण जाणे, हसू आलं.

तो बाहेर गेला. “अक्का, मला मळायला शिकवाल?”

अक्कांनी त्याच्या पायांकडे पाहिलं. पायात चकचकीत बूट होते.

“गमबूट घाल.”

जास्तीचा एकच जोड होता, आणि तो दोन आकड्यांनी लहान. अभिनंदननं बोटं मुडपून पाय आत कोंबले आणि बदकासारखा चालत खड्ड्यापाशी आला. बायकांनी तोंडाला पदर लावले.

मळायचा खड्डा गुडघाभर खोल, गोल आणि आतून सिमेंटचा. आत खपली, कोळसा आणि चुना कोरडाच कालवलेला. अक्का काठावर स्टुलावर बसून मळीची करंगळीएवढी धार सोडत, आणि नऊजणी गोल फिरत पायांनी तुडवत. अभिनंदन मधे उतरला आणि दणादण पाय आपटू लागला.

“आपटतोस कशाला? साप मारायचा हाय व्हय?” अक्का म्हणाल्या. “रांगेत शीर. शेजारणीचा पाय पडला की मग तुझा.”

“ते कळणार कसं?”

“नावानं.”

इथली रीत अशी होती. सगळ्यांचे पाय एकदम पडले तर माल उसळून कडेला जातो आणि मधे मळीचं डबकं राहतं. एकामागून एक पडले तर तो आपोआप खालीवर होत फिरत राहतो. म्हणून पाय टाकणारीनं पुढचीचं नाव घ्यायचं. नाव ऐकलं की तिनं पाय टाकायचा आणि तिच्या पुढचीचं घ्यायचं. घड्याळ नको, शिट्टी नको.

सुरू झालं. “इंदू.” “शेवंता.” “जरिना.” “मालन.” पाय एकामागून एक पडत होते, माल घसघस फिरत होता, हाक गोल फिरत अभिनंदनपर्यंत आली.

“साहेब,” मालन म्हणाली.

त्यानं पाय टाकला. आता पुढचीचं नाव घ्यायचं होतं. पुढे एक उंच, सावळी बाई उभी होती. चार महिने तिच्या हातून तो चहा घेत होता. त्यानं तिच्याकडे पाहिलं, तिनं त्याच्याकडे पाहिलं…

“मावशी,” तो म्हणाला.

नऊच्या नऊ पाय एकदम पडले.

खड्ड्यातला काळा लगदा फुटभर उसळला. अभिनंदनच्या शर्टावर गेला, चष्म्यावर गेला, जरिनाच्या कपाळावर गेला, अक्कांच्या बादलीत गेला. मग इंदू खड्ड्याच्या काठावर मटकन बसली आणि पोट धरून हसू लागली. तिच्या पाठोपाठ सगळ्याच. अक्का तर स्टुलावरून पडायच्या बेतात होत्या.

अभिनंदननं चष्मा काढला. डोळ्यांभोवती तेवढी दोन गोरी वर्तुळं राहिली होती. ती पाहून हशा पुन्हा उसळला, आणि या वेळी सर्वांत मोठ्यानं तोच हसला.

हसणं ओसरल्यावर तो त्या उंच बाईकडे वळला. “नाव काय तुमचं?”

“पुतळा.”

“पुतळाबाई, चुकलो.”

“बाई नको. बाई म्हणंस्तोवर पाय पडून जातोय.”

तीच अडचण त्याच्या नावाची झाली. अभिनंदन म्हणेपर्यंत ताल चुकायचा, आणि ‘साहेब’ म्हणायला आता बायकांची जीभ वळेना. दुसऱ्या फेरीला अक्कांनी काठावरून फैसला केला.

“अभ्या म्हणा त्याला.”

दुपार कलली तेव्हा त्याला नऊही नावं येत होती. इंदूचा डावा पाय दुखरा, म्हणून तिला हाक जरा आधी द्यायची, हेही येत होतं. मळीची धार संपली. अक्कांनी ओला माल मुठीत दाबून पाहिला, वास घेतला आणि वर ओली गोणपाटं पसरली.

“आता यंत्राला देऊ?” अभिनंदननं विचारलं.

“उद्या.”

“उद्या? दिवस नऊच राहिलेत, अक्का.”

“त्याला मुरू दे. तूबी घरी जाऊन अंघोळ कर. आई घरात घ्यायची न्हाई तुला.”

पुढचे दिवस असेच गेले. सकाळी खड्ड्यात तुडवायचं, आदल्या दिवशीचा मुरलेला माल यंत्राला द्यायचा, पडलेले लाडू उन्हात लावायचे. यंत्र दाबायला बरं होतं, ते अक्कांनीही कबूल केलं. आपल्या हातानं दिवसाला होतात त्याच्या दसपट पडतात, म्हणाल्या. अभिनंदनच्या पायाच्या बोटांना फोड आले. जरिनाच्या नवऱ्याचे जुने गमबूट आले तेव्हा कुठे त्याची चाल सुधारली.

मंगळवारी एक मुंगी आली. अभिनंदन उकिडवा बसून तिच्याकडे बघत राहिला. ती लाडवावर चढली, वर गेली, खाली आली, एक चक्कर मारली… आणि निघून गेली.

त्यानं मान वर केली. अक्का बघत होत्या. त्या दिवशी चहात अक्कांनी त्याला आल्याचा मोठा तुकडा घालून दिला.

शनिवार उजाडला.

भट्टीपाशी बायकांना सहसा कुणी येऊ देत नसे. त्या दिवशी आप्पासोंनी लांबवर पिवळी पट्टी आखून दिली आणि नऊजणी, अक्का आणि अभिनंदन तिच्या अलीकडे उभे राहिले. साहेब होते, अधिकाऱ्यांच्या आणखी चार टोप्या होत्या. लाडवांनी भरलेली क्रेनची बादली वर चढली. अभिनंदननं नकळत शेजारच्या पुतळाचं मनगट धरलं, तिनं ते सोडवून घेतलं नाही.

बादली कलंडली. लाडू गडगडत आत गेले.

काळा लोट उठायची सगळे वाट बघत होते. आप्पासो तर मिशीला हात लावून उभे होते.

लोट उठला नाही. लाडू आत लाल झाले, पिवळे झाले, कडा सुटत गेल्या आणि सावकाश, न फुटता ते वितळलेल्या लोखंडाच्या रसात उतरले. आप्पासोंनी काळ्या काचेतून पाहिलं. बराच वेळ पाहिलं. काच बाजूला केली.

“आणा दुसरी बादली,” ते म्हणाले.

शेवंताला रडू आलं. ती हसतही होती, त्यामुळे कुणी तिची समजूत घालायच्या भानगडीत पडलं नाही. इंदूनं अक्कांच्या गळ्यात हात टाकले. साहेब पुढे आले, हात पुढे केला आणि म्हणाले, “अभिनंदन.”

अभिनंदननं मान वळवली नाही. तो भट्टीकडेच बघत होता.

मालननं त्याला कोपरानं ढोसलं. “अभ्या, साहेब तुला म्हणतायत.”

“मला? मला वाटलं, सगळ्यांना म्हणाले.”

शेड चालू राहणार, असं साहेबांनी तिथंच सांगून टाकलं. मळायचा आणखी एक खड्डा खणायचा, तोही सोमवारपासून.

दुपारी त्याच रसाच्या सळया रोलवर चढल्या. अभिनंदनला राहवलं नाही, तो बघायला गेला. मागोमाग अक्काही आल्या. लालबुंद सळई सरसरत यायची, रोलमध्ये शिरायची, बारीक आणि लांब होऊन बाहेर पडायची. तिच्याकडे बघताना अभिनंदनला आपल्या अंगाला फुटलेला घामही कळत नव्हता. या लोखंडात आपले पाय आहेत, असं काहीतरी त्याच्या मनात येत होतं. एवढं सुख त्याला कुठल्या पदवीनं दिलं नव्हतं.

मग वरून पाण्याची धार पडली आणि सळईच्या अंगावरून काळे पापुद्रे झडले.

अभिनंदन खाली वाकला. पाण्याच्या नालीत खपली साचत होती. चमकदार, नवी, मूठभर झाली, दोन मुठी झाली.

“अक्का… हे बघा. ही आपलीच की.”

“असंल.”

“पुन्हा झडली. म्हणजे आता पुन्हा गोळा करायची, पुन्हा तुडवायची, पुन्हा भट्टीत. आणि त्याचीही पुन्हा झडणार. हे तर कधीच संपायचं नाही.” तो थांबला. त्याला हसू येत होतं आणि प्रश्नही पडला होता. “मग आपण एवढं केलं ते काय केलं, अक्का?”

अक्कांनी पदर खोचला. भिंतीला टेकवलेलं फावडं घेतलं. त्या त्याच्याकडे वळल्या.

“कुणाची म्हणलास?”

“काय?”

“खपली. कुणाची म्हणलास आत्ता?”

“आपली.”

अक्कांनी फावडं त्याच्या हातात दिलं.

“मग उचल की.”